नाव बदललं, फायलींचं काय? : धाराशिव, ग्रेप आणि सेड

आज आपण लिनक्सच्या टर्मिनलवरच्या काही छोट्या आज्ञांचा इतिहास बघणार आहोत. सुरुवात मात्र अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपासून नाही, धाराशिवपासून करू.

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं. खरं तर धाराशिव हेच जुनं नाव. उस्मानाबाद हे नाव हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून आलं. आता समजा, तिथल्या एखाद्या ग्रंथालयात लिनक्सवर चालणारा संगणक आहे आणि त्यात गेल्या वीस वर्षांच्या हजारो मराठी फायली आहेत. कुणीतरी म्हणतं, ‘सगळीकडे नवीन नाव करून टाका.’ एकेक फाईल उघडून करायचं तर महिने जातील. टर्मिनलवर हे एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ चालवावी का, हा आजचा खरा प्रश्न.

ही ओळ ज्या आज्ञांवर उभी आहे, त्यांचा जन्म बेल लॅब्समध्ये 1973 च्या सुमारास झाला. गंमत अशी की त्याला निमित्त झालं एका इतिहासाच्या प्रश्नाचं. ली मॅकमेहन यांना अमेरिकेच्या राज्यघटनेच्या काळातले ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. लेख 85, टोपणनाव एकच आणि लेखक तिघे. कोणता लेख कुणाचा, हे शब्दांच्या वापरावरून ओळखायचं होतं. तेव्हाच्या ‘ईडी’ या संपादकाला एवढा मजकूर झेपेना, कारण यंत्राची स्मृतीच तोकडी. मग केन थॉम्सन यांनी ईडीमधली शोधण्याची सोय वेगळी काढून स्वतंत्र आज्ञा केली. तीच ग्रेप. ती अख्खी फाईल स्मृतीत धरत नाही. एकेक ओळ वाचते, जुळली तर दाखवते आणि पुढे जाते. पुढे मॅकमेहन यांनीच याच धर्तीवर सेड लिहिली. ती ओळ नुसती दाखवत नाही, बदलूनही देते.

पण या आज्ञांना मराठी कशी कळते? एके काळी कळत नव्हती. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच मराठी फायली अशा फॉन्टमध्ये टाइप झाल्या, की पडद्यावर ‘ध’ दिसायचा आणि फाईलमध्ये मात्र एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असायचा. अशा फाईलमध्ये ग्रेपने ‘धाराशिव’ शोधलं तर हाती काहीच लागत नाही. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला. 1992 मध्ये थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी ते क्रमांक साठवायची यूटीएफ-8 ही पद्धत आखली. म्हणजे ग्रेप ज्या हातांनी घडवली, त्याच हातांनी तिला पुढे मराठी वाचण्याची वाटही करून दिली. आज टर्मिनलवर ‘धाराशिव’ हा शब्द ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या आज्ञेकडे दिला, तर ती 7 चिन्हं आणि 21 बाइट सांगते. आपण मोजतो अक्षरं चार!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेडला सांगितलं, ‘उस्मानाबाद दिसेल तिथे धाराशिव कर.’ ती करते. तिला गाव कळत नाही, फक्त चिन्हांची रांग कळते. ‘उस्मानाबादच्या’चं ‘धाराशिवच्या’ होतं, ते ठीक. पण ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवेत’ होतं, आणि तसं कुणी बोलत नाही. शेळ्यांची प्रसिद्ध ‘उस्मानाबादी’ जात ‘धाराशिवी’ होऊन बसते! बरं, फक्त पूर्ण शब्दच बदलायला सांगितला, तर मराठीतली प्रत्ययासह येणारी सगळी रूपं सुटतात.

ही झाली व्याकरणाची अडचण. इतिहासाची अडचण याहून मोठी आहे. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात ‘उस्मानाबाद जिल्हा’ असतं, त्यात लातूरही धरलेलं असतं. तिथे ‘धाराशिव जिल्हा’ केलं, की उद्याचा वाचक आजची हद्द समजून आकडे वाचणार. 2011 च्या जनगणनेत 16,57,576 ही लोकसंख्या उस्मानाबाद या नावाखालीच छापलेली आहे. आपल्या फाईलमधलं नाव बदललं, तरी मूळ छापील पान बदलत नाही. मग ताळा कसा लावायचा?

युनिक्सच्या परंपरेत यावर एक शहाणी तोड आहे. ‘एलएन’ ही दुवा जोडणारी आज्ञा 1971 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. एकाच फायलीला दोन नावं असू शकतात, हा विचार तिच्यामागे आहे. कलकत्त्याचं कोलकाता झालं, तेव्हा संगणकांच्या वेळ-विभागांच्या यादीतही पुढे नवीन नाव आलं. पण जुनं नाव पुसलं नाही, ते नव्याकडे बोट दाखवणारा दुवा म्हणून ठेवलं. त्यामुळे जुने प्रोग्रॅम बंद पडले नाहीत.

आपणही तेच करू शकतो. फोल्डरला नवीन नाव द्यावं आणि जुन्या नावाचा दुवा ठेवावा. शोधताना ग्रेपला दोन्ही नावं एकदम द्यावीत. तशी सोय तिच्यात आहे. चालू पत्रकं, अर्जांचे नमुने यांत नाव बदलायला सेड जरूर वापरावी. आधी तिला नुसतं पडद्यावर दाखवायला सांगावं. तेव्हा फाईलला धक्का लागत नाही. निकाल डोळ्यांखालून घालावा आणि मगच ‘आय’ हा पर्याय लावून फाईल बदलावी. त्याच पर्यायाला शेपूट जोडलं, की मूळ प्रतही शेजारी राहते.

जुन्या नोंदींमधली नावं मात्र होती तशीच राहू द्यावीत. गावाचं नाव काय असावं, हे ठरवण्याचा अधिकार वर्तमानाला आहे. 1975 साली एखाद्याने काय लिहिलं होतं, ते बदलण्याचा नाही. सेडला हा फरक समजत नाही. तो आपल्यालाच समजावा लागतो.