कॅटामरानच्या डोलकाठीत दोऱ्या का लपवतात? समजून घ्या १६ पट जोराचं गणित

मनोरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी वारा मंद असतो आणि दुपारी समुद्रावरून तो जोर धरतो. इंजिनाच्या होडीला याचा फारसा फरक पडत नाही. शिडाच्या होडीला मात्र वारा वाढताच शिडाची ताकद कमी करावी लागते, नाहीतर होडी उलटू शकते.

कॅटामरान म्हणजे काय?

दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडून केलेली एक होडी. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. त्याचा अर्थ बांधलेली लाकडं. टोर्नाडो ही कॅटामरान १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये होती, तर नाक्रा १७ ही २०१६पासून आहे.

डाउनहॉल काय करतो?

डाउनहॉल म्हणजे शिडाची पुढची कडा डोलकाठीलगत खाली ताणणारी दोरी. ती ताणली की शिडाचं पोट सपाट होतं, वरचा भाग सैलावतो आणि जास्तीचा वारा निसटून जातो. पण भरल्या वाऱ्यात ही कडा नुसत्या हाताने खाली ओढणं फार जड जातं.

१६ पट जोर कुठून येतो?

विहिरीवरची कप्पी जागची हलत नाही, ती फक्त ओढण्याची दिशा बदलते. कप्पी ओझ्याबरोबर सरकू लागली, की जोर निम्मा लागतो. अशा ४ कप्प्या एकीला एक जोडल्या, तर २×२×२×२ म्हणजे १६ पट. हाताने १० किलोचा जोर लावला, की शिडावर १६० किलोपर्यंत ताण. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो थोडा कमी भरतो.

मग डोलकाठीच्या आतच का?

कारण जोर वाचला की अंतर वाढतं. शीड १० सेंटिमीटर खाली आणायला हातातली दोरी १६० सेंटिमीटर ओढावी लागते आणि पहिली कप्पी ८० सेंटिमीटर सरकते. एवढी मोकळी लांबी पोकळ डोलकाठीत आयतीच मिळते. शिवाय बाहेर दोऱ्यांचा गुंता होत नाही.

दोरी आत ओवायची कशी?

१. डोलकाठी उतरवून आडवी ठेवा. ती अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनची असेल तर तिच्यातून वीज वाहते. वर आणि आसपास विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहा.

२. सगळी जोडणी आधी जमिनीवर मांडून ओढून बघा. आत गेल्यावर पीळ दिसत नाही.

३. जुनी दोरी आधी काढून टाकू नका. तिच्या टोकाला नवीन दोरीचं टोक शिवा, वर चिकटपट्टी गुंडाळा आणि हळूहळू ओढा. जुनी दोरीच नसेल, तर बारीक सुतळीला नट बांधून तिरक्या धरलेल्या डोलकाठीतून घरंगळू द्या.

४. शिडाजवळच्या दोरीवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे न ताणणारी डायनीमा दोरी वापरा. हातात येणारी दोरी जाड आणि वेगळ्या रंगाची घ्या.

सर्वांत मोठा धोका कोणता?

अनेक छोट्या कॅटामरानची डोलकाठी मुद्दाम हवाबंद असते. होडी आडवी झाली तर ती तरंगते आणि होडीला पूर्ण उलटू देत नाही. अशा डोलकाठीला भोक पाडलं की आत पाणी शिरतं. मग उथळ खाडीत उलट्या होडीची डोलकाठी थेट चिखलात रुतू शकते. त्यामुळे तुमची डोलकाठी हवाबंद असेल, तर दोऱ्या बाहेरच ठेवा.