एका घोषणेचें सीमोल्लंघन

राउटर म्हणजे इंटरनेटच्या जंक्शनवरील सांधेवालाच होय. अभियंता त्यास ओळीओळीनें लेखी आज्ञा देतो. कोणते मार्ग शेजाऱ्यास कळवावे आणि शेजाऱ्याचे कोणते मानावे, हें त्या आज्ञांनीं ठरतें. आज्ञा शहाणपणाची आहे कीं नाहीं, हें यंत्र विचारीत नाहीं.

२४ फेब्रुवारी २००८ रोजीं याचें प्रत्यंतर आलें. सरकारी हुकुमावरून पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशांत यूट्यूब बंद करावयाचें होतें. त्यासाठीं यूट्यूबच्या कांहीं पत्त्यांकडे जाणारा मार्ग आपल्याकडे असल्याची घोषणा तिनें केली. ही घोषणा सरहद्दीच्या आंतच राहावयाची. पण ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे गेली, आणि पाकिस्तानला जगाशीं जोडणाऱ्या या कंपनीनें शहानिशा न करतां ती पुढें धाडली.

जगानें ती मानली कां? यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या समूहाची होती, पाकिस्तानची त्यांतल्याच २५६ पत्त्यांची. आणि दोन मार्गांपैकीं अधिक नेमका तोच राउटर पत्करतो. यूट्यूबनें प्रथम तितक्याच, मग १२८ पत्त्यांच्या घोषणा करून प्रतिकार केला. अखेर सुमारें सव्वादोन तासांनीं पीसीसीडब्ल्यूनें तो मार्ग मागें घेतला.

पाकिस्तानच्या अभियंत्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु अधिक दोष दारवानाचा. ग्राहकाकडून त्याच्याच पत्त्यांची घोषणा स्वीकारावी, इतर नाकारावी, अशी ‘प्रीफिक्स लिस्ट’ राउटरांत लिहिण्याची सोय तेव्हांही होती, आणि तिला थोड्याच ओळी लागतात.