हवेचे ओझे
१/ निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पंपामागे पाणी वर धावते, अशी युरोपात जुनी शिकवण होती. मग सुमारे १० मीटरवर पाणी थांबते का? सतराव्या शतकात इटलीतील विद्वानांना हे कोडे पडले होते.

२/ तोरिचेल्लीने प्रश्नच उलटा केला. पाणी ओढले जात नाही. बाहेरची हवा ते ढकलते. त्याने पाण्याच्या साडेतेरा पट जड पारा घेतला. नळीतला स्तंभ सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबला.

३/ हे हवेचेच वजन असेल, तर उंचावर ते घटले पाहिजे, असे फ्रान्समध्ये पास्कालने ताडले. त्याच्या सांगण्यावरून १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या बहिणीचा पती पेरिए नळी व पारा घेऊन प्युई द डोम हा डोंगर चढला. तशीच दुसरी नळी पायथ्याच्या क्लेरमों गावात पहाऱ्यात होती.

४/ शिखरावर पारा सुमारे ८ सेंटीमीटर उतरला. गावातला दिवसभर हललाही नाही. जुनी शिकवण त्या चढणीवर ढासळली.

५/ आजही रक्तदाबाचे १२०/८० हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांतच मोजतात. आणि खोल विहिरीत काठावरचा पंप हतबल ठरतो, तो याच मर्यादेमुळे.