आरएक्स १००: ना नवी, ना ऐतिहासिक

१/ नोव्हेंबर १९८५. दिल्लीजवळच्या एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने ९८ सीसीची एक मोटारसायकल बाजारात आणली. मार्च १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज विक्रीस येणारी सर्वांत 'तरुण' आरएक्स १०० देखील तिशीला पोहोचलेली असते. तरीही ती बंद पडल्यानंतर जन्मलेली मुले आज तिच्या शोधात गावोगाव फिरतात. ही गाडी पारखून घेण्यासाठी तिचा इतिहास ठाऊक असणे फार उपयोगी पडते.

२/ तिचे कुळ जर्मन आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या टू-स्ट्रोक गाडीचा आराखडा विजेत्या राष्ट्रांच्या हाती गेला. ब्रिटनच्या बीएसए बँटमपासून सोव्हिएत रशियातील मिन्स्कपर्यंत अनेक गाड्या त्यावरून तयार झाल्या. यामाहाने १९५५ मध्ये बनवलेली पहिली मोटारसायकल, वायए-१, हीसुद्धा त्याच वळणाची.

३/ यामाहा हे मुळात वाद्ये बनवणारे घराणे. १८८७ मध्ये तोराकुसु यामाहा यांनी हामामात्सु येथील एका शाळेचा रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि तेथून या उद्योगाची सुरुवात झाली. बोधचिन्हातील तीन स्वरकाटे त्याचीच खूण. गंमत अशी की आरएक्स १०० च्या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी झडपही 'रीड व्हॉल्व्ह'च आहे. पेटीतील सुराच्या पट्टीप्रमाणे दाब बदलला की तिची पातळ पाती हलतात. योगायोगच, पण सुरेल.

४/ भारतात तेव्हा वाहन ही वाट पाहून मिळवायची वस्तू होती. पुण्याच्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला परवानगी दिली आणि इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा व कावासाकी अशी चार जपानी नावे दोन-तीन वर्षांत भारतीय रस्त्यांवर आली. चौघींचेही इंजिन शंभरीच्या आतच का, याचे उत्तर या धोरणात आहे.

५/ हिरो होंडाने फोर-स्ट्रोक इंजिन व मायलेज निवडले. यामाहाने वेग निवडला. टू-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या (क्रँकच्या) प्रत्येक फेऱ्यात स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे सुमारे १०३ किलोच्या आरएक्सला ११ अश्वशक्ती मिळाली. हे बळ आणि तो खणखणीत आवाज, दोन्ही तिच्या कीर्तीचे कारण झाले.

६/ तिच्या अंताचे कारणही तेच. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते आणि त्यातील काही भाग न जळताच निसटतो. वर ऑइलही जळते. १९९१ मध्ये आलेले उत्सर्जनाचे निकष १९९६ च्या एप्रिलपासून अधिक कडक झाले. ती त्याच उंबरठ्यावर थांबली.

७/ आता खरेदी. इतिहासाचा विद्यार्थी जुने पत्र हाती आले की आधी कागद, शाई आणि मोहोर पाहतो. मजकुरावर नंतर विश्वास ठेवतो. येथेही चकाकणारा रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी चॅसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि आरसी बुक ही तिन्ही जुळतात का ते पाहावे. अंक वाकडेतिकडे असतील, त्याखालचा पत्रा घासलेला दिसत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीची गाडी स्वस्तात मिळते आणि फार महाग पडते.

८/ इंजिनाची अदलाबदलही वारंवार आढळते. आरएक्सजी व आरएक्स १३५ या धाकट्या भावंडांचे मोठे इंजिन आरएक्स १०० च्या सांगाड्यात बसवलेले असते. गाडी पळते झकास. पण कागदोपत्री ती वेगळीच असते.

९/ नंबरप्लेटही साक्ष देते. 'एमएच'ने सुरू होणारे क्रमांक १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असत. १९८६ ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर एमएच असेल, तर तिची नोंदणी पुन्हा का व कोठे झाली, हे विचारलेच पाहिजे.

१०/ चालू करताना इंजिन थंड हवे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर शंका घ्यावी. पहिला थोडा धूर साहजिक. तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर क्लचकडील ऑइल सील गेले असून गिअरचे ऑइल जळत असण्याचा संभव असतो. मॅग्नेटोकडील सील गेले तर धोका अधिक: इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. टू-टी ऑइल पोहोचवणारा पंप बंद पडला तरी हेच घडते. म्हणून जाणते मिस्त्री पंपाची केबल आधी तपासतात. सायलेन्सरमधील काजळी साफ करणे, घासलेला सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे, ही कामे ठरलेलीच; पण बोअर किती वेळा झाला, हे आधीच विचारून घ्यावे. सिलिंडरची भिंत काही अमर्याद नाही.

११/ नवी अडचण पेट्रोलची आहे. या गाडीचे रबर, नळ्या, कार्बुरेटर हे सारे इथेनॉल नसलेल्या इंधनासाठी घडलेले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल येते. ते जुने रबर फुगवते, हवेतील ओलावा ओढते, टाकी आतून गंजवते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवणेच बरे.

१२/ राहिला कायदा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी पासिंग. ज्या दिल्लीच्या शेजारी ही गाडी बनली, त्या परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरण्यासाठी गाडीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पहिल्या आरएक्स १०० ला ते वय गाठायला २०३५ चा नोव्हेंबर उजाडेल, शेवटच्या गाडीला २०४६ चा मार्च. आणि व्हिंटेज ठरल्यावर ती रोजच्या वापरासाठी चालवता येणार नाही.