नामदार गोखले, लहान महाविद्यालये आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्ययन : नाशिकच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत नाशिकमधील राज्यशास्त्र व इतिहासाच्या प्राध्यापकांना अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलाला अथवा मुलीला परराष्ट्र व्यवहारात रस आहे. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकण्यासाठी कोठे पाठवावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. जवळच्या महाविद्यालयात कला शाखेची पदवी घ्यावी, नंतर पुणे, मुंबई वा दिल्ली गाठावी. आता पुण्यात सिंबायोसिसची लिबरल आर्ट्स शाखा (२०११) आणि फ्लेम विद्यापीठ (२०१५) आहे, हरियाणात अशोका विद्यापीठ (२०१४) आहे. लहान वर्ग, निवासी शिक्षण आणि विषयांची मोकळी निवड यांची तेथे ग्वाही दिली जाते. शुल्क मात्र लाखांत आहे. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणचे अनुदानित कला महाविद्यालय हा केवळ नाइलाजाचा पर्याय आहे काय, हा प्रश्न आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेशी निगडित आहे. प्रस्तुत निबंधात त्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन महाविद्यालयांचा विद्यार्थी

नाशिकमध्ये १९२४ साली हं. प्रा. ठा. महाविद्यालय सुरू करणाऱ्या संस्थेस नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आहे. प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी ही गोखले एज्युकेशन सोसायटी गोखल्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९१८ साली, स्थापन केली. आपण हे नाव रोज उच्चारतो. परंतु महाविद्यालय निवडण्याचा प्रश्न स्वतः गोखल्यांपुढेही उभा होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर ते प्रथम कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात आणि अखेर मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. वडिलांचे छत्र हरपले होते. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाकट्या भावाला पाठवीत. या निवडीत हौसेला फारसा वाव नव्हता. खर्च आणि पुढील वर्गाची सोय यांवरच ती बहुतांशी ठरत होती. आजच्या पालकांची चिंता याहून फार वेगळी नाही.

त्या काळची ही महाविद्यालये आजच्या मानाने लहानच होती. अभ्यासक्रमात इंग्रजी, अभिजात भाषा, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय असत. आंतरराष्ट्रीय संबंध नावाचा विषय तेव्हा जगातच कोठे नव्हता. त्याचे पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील ॲबेरिस्टविथ येथे स्थापन झाले. तेही लंडन वा ऑक्सफर्डला नव्हे, तर समुद्रकाठच्या एका छोट्या गावातील महाविद्यालयात! तोपर्यंत गोखले निवर्तून चार वर्षे झाली होती.

पदवीनंतर गोखले पुण्यात शिक्षक झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. एकाच विषयाला वाहून घेतलेल्या आजच्या प्राध्यापकाला ही ओढाताण वाटेल. परंतु १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाविषयी साक्ष देताना हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली. तेव्हा त्यांच्या वयाची एकतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अर्थात या साक्षीमागे न्यायमूर्ती रानडे व ग. व्यं. जोशी यांचे मार्गदर्शन होते. महाविद्यालयाबाहेर सार्वजनिक सभेचे पुणे होते. महाविद्यालय एकटे कोणाला घडवीत नाही, ही मर्यादा येथेच नोंदविणे इष्ट ठरेल.

नाताळचा प्रश्न

गोखल्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्याचे खरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. नाताळच्या मळ्यांवर १८६० पासून करारबद्ध भारतीय मजूर नेले जात होते. कराराची मुदत संपल्यावरही तेथेच राहणाऱ्यांवर पुढे वार्षिक तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १९११ साली भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये मांडलेला, करारबद्ध मजुरीची सर्व पद्धतच बंद करण्याचा ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेस गेले व प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांना भेटले. कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली होती. तेथील सरकारने पुढे तसे वचन दिल्याचे नाकारले. सत्याग्रहानंतर १९१४ च्या कायद्याने तो कर गेला. वाटाघाटीत तोंडी आश्वासनाचे मोल किती, याचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावा.

या दौऱ्यातील एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय मंडळींपुढे गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा गांधीजींनी आग्रह धरला आणि भाषांतराचे काम स्वतःकडे घेतले. गांधीजींच्या कथनानुसार, तेथून झांजिबारपर्यंत केवळ भारतीयांसाठी असलेल्या सभांत गोखले मराठीतच बोलले.

गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातून ही परंपरा पुढे गेली. श्रीनिवास शास्त्री हे कुंभकोणमसारख्या लहान शहरातील महाविद्यालयाचे पदवीधर. ते १९२१ साली राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी होते आणि १९२७ पासून दक्षिण आफ्रिकेत भारत सरकारचे एजंट. त्याच समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांनी दिल्लीच्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स (१९४३) आणि इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज (१९५५) या दोन्ही संस्थांच्या उभारणीत पुढाकार घेतला. यांतील दुसरी संस्था १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. म्हणजे भारतातील या विषयाच्या संघटित अध्ययनाचा एक धागा सरळ गोखल्यांपर्यंत पोचतो. ही संस्था प्रामुख्याने पदव्युत्तर संशोधनासाठी होती, ही बाबही येथे महत्त्वाची आहे. विशेषीकरण पदवीनंतर सुरू व्हावे, असा क्रम तिच्या रचनेत गृहीत होता. फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. ते तर गणिताचे प्राध्यापक!

नाशिक

१९२४ पूर्वी नाशिकच्या विद्यार्थ्यास पदवीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागे; वि. दा. सावरकर १९०२ साली असेच फर्ग्युसनला गेले. आज ती सक्ती नाही. परंतु सोय आहे म्हणून निवड योग्य ठरते, असेही नाही.

शहरापुरते पाहिल्यास नाशिकची बाजू वाटते तितकी दुबळी नाही. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला आहे. भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, हेही विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. पण या विषयाची खरी प्रयोगशाळा लासलगावला आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठविली. बांगलादेशासारख्या शेजाऱ्याशी संबंध, देशांतर्गत महागाई, निवडणुका आणि उत्पादकाचा भाव ही सर्व सूत्रे एका बाजार समितीच्या लिलावात एकत्र येतात. गोखल्यांनी नाताळच्या मजुराच्या करापासून साम्राज्याच्या धोरणाचा विचार केला. आपल्या तृतीय वर्षाच्या वर्गात मात्र शीतयुद्धाच्या टिपणांपलीकडे आपण किती वेळा जातो? हा दोष लहान महाविद्यालयाचा नसून आपला, म्हणजे शिकविणाऱ्यांचा आहे.

म्हणून पालकांना उत्तर देताना प्रस्तुत लेखक विषयाच्या नावाऐवजी काही साध्या गोष्टी विचारावयास सांगतो. हा पेपर प्रत्यक्ष कोण शिकवितो? त्या शिक्षकाच्या टेबलाशी विद्यार्थ्याला बसता येते काय? अर्थशास्त्र आणि इतिहास सोबत घेता येतात काय? ग्रंथालय केवळ परीक्षेच्या आधी उघडते की वर्षभर? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर तीन वर्षे नाशिकला काढून पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जाणे हा मार्ग अधिक शहाणपणाचा आणि कमी कर्जाचा आहे. अपवाद परकीय भाषेचा. जर्मन, जपानी वा रशियन भाषा गांभीर्याने शिकावयाची असेल, तर ती पदवीच्या वयातच हाती घ्यावी लागते. तशा विद्यार्थ्यास थांबवून ठेवू नये. त्याला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचा पत्ता द्यावा आणि शक्य तर सोबत एक ओळखपत्रही.