गिरणगावातील खानावळी
मुंबईच्या गिरणीभागात एकट्या राहणाऱ्या कामगारांना मासिक दराने दोन वेळचे जेवण पुरविणारा, बहुधा स्त्रियांनी राहत्या खोलीतच चालविलेला व्यवसाय. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढे रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून आलेले बहुसंख्य कामगार कुटुंब गावीच ठेवीत. चूल, चार भांडी व वाण्याची उधारी एवढ्या भांडवलावर खानावळ सुरू होई. मालकिणीचे स्वतःचे श्रम हिशेबात धरलेच जात नसत. खरी अडचण उधारीची होती. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत, धान्य मात्र आधी भरावे लागे. परिणामी मिळकतीचा मोठा भाग सावकाराच्या व्याजात जाई व प्रसंगी भांडीही गहाण पडत. तारणाअभावी बँका या स्त्रियांना दारात उभे करीत नसत. १९६९ मधील बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर लहान व्यावसायिकांसाठी कर्जाची वाट काहीशी मोकळी झाली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांचे गट बांधले आणि परस्परांच्या हमीवर त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबताच खानावळींची येणीही थकली. कामगार गावी परतू लागल्यावर अनेक खानावळी बंद पडल्या.