छोटी लाईन, मोठी लाईन

माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. लग्न ठरवताना वडील म्हणाले होते, पोरगी जवळच पडेल. पण आगगाडीनं निघायचं तर या दोन गावांच्या मध्ये आजही नागपूर येतं. मोठ्या लाईनीनं नागपूर, तिथून इतवारी स्टेशन गाठायचं, मग सौंसरची गाडी. दोन्ही स्टेशनं नागपूर विभागातच आहेत, फक्त एक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आणि दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या.

हा घोळ इंग्रजांच्या वेळचा. सौंसरवरून छिंदवाड्याला जाणारी लाईन बंगाल नागपूर रेल्वेची, अडीच फुटी. सातपुड्यात वळणं घेत चढायचं तर अरुंद रूळ स्वस्त पडत. पांढुर्ण्याचा नागपूर-इटारसी मार्ग मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीनं १९२३-२४ च्या सुमारास पुरा केला आणि पुढे तो दिल्ली-मद्रास रस्त्याचा तुकडा झाला. आमच्या दारावरून मोठमोठ्या गाड्या जात. थांबत किती, ते विचारू नका.

छोटी लाईन मात्र थांबण्यासाठीच धावायची. मी रामाकोन्याच्या शाळेत अपडाउन करायची. डबा इतका लहान की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत. दाराशी दुधाचे कॅन, बाकाखाली संत्र्याच्या टोपल्या. म्हाताऱ्यांना हात धरून वर घ्यायला माणसं असत, कारण रोजचे सगळे एकमेकांना ओळखत. ‘सर्वांना परवडणारी, सुलभ वाहतूक’ हे शब्द मी पुष्कळ वर्षांनी पेपरात वाचले. तेव्हा डोळ्यांपुढे हाच डबा आला. ‘कमी प्रदूषण’ तेवढं आलं नाही. कोळशाचं इंजिन असताना सासऱ्यांच्या सदऱ्याची कॉलर रोज काळी होई.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आमची राजधानी होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि कागद भोपाळला जाऊ लागले. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता मात्र नागपूरचाच. १९६२ मध्ये मध्य प्रदेशाचं राज्य परिवहन निगम झालं. ‘निगमची गाडी’ खिळखिळी असली तरी रिकामी असतानाही सुटायची. २००५ मध्ये सरकारनं निगम गुंडाळायचं ठरवलं. नंतरच्या खासगी गाड्या चांगल्या रंगवलेल्या, पण सीट भरल्याशिवाय हलत नाहीत. एकदा सौंसरहून निघालेल्या अशाच एका गाडीनं आम्हा पाच जणींना अर्ध्या वाटेत उतरवलं. एवढ्या सवारींसाठी पुढे जाणं परवडत नव्हतं.

२०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी छोटी लाईन बंद झाली. नव्या रुळांवरून नागपूर-छिंदवाडा सलग गाडी धावायला २०२२ उजाडलं. आता रूळ रुंद आहेत, गाडी विजेवरची आहे, कॉलर पांढरी राहते. पण मधल्या सहा वर्षांत आमच्या आळीत घरोघरी हप्त्यावर मोटारसायकल आली. कोणी ती विकलेली मला ठाऊक नाही. गाडी बंद ठेवण्याची किंमत हिशेबात धरतात की नाही, कोण जाणे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा जाहीर केली, दहा हजार विजेच्या बस. पात्रता सर्वसाधारणपणे तीन लाख वस्तीच्या शहरांना, तीही २०११ च्या जनगणनेप्रमाणे. पांढुर्ण्याची वस्ती त्या गणतीत पंचेचाळीस हजार. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. माहेर-सासर एका जिल्ह्यात, रूळ होते तिथेच. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा मंजूर केली: गाड्या खासगी, देखरेख सरकारी कंपनीची. आमच्या निगमच्या गाडीचं अर्धं भूत परत येतंय म्हणायचं.

तोवर लाल एसटीचा आधार आहेच. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट. पोळ्याला माहेरी जायचं होतं. नणंदेचे डोळे नागपूरला तपासले आणि तिथूनच दोघी पांढुर्ण्याच्या एसटीत बसलो. सावनेरला एक रस्ता सौंसरकडे फुटतो, दुसरा पांढुर्ण्याकडे. आमची गाडी पांढुर्ण्याकडे वळली. कंडक्टर म्हणाला, “सवलत सीमेपर्यंतच, पुढे पूर्ण लागंल.”

“म्हणजे सीमेपलीकडे मी बाई नाही का रे बाप्पा?” नणंद म्हणाली.

कंडक्टरनं दोन्हीचे मिळून पैसे सांगितले आणि तो मागच्या सीटकडे गेला.